प्लायच्या होडीत आतली चौकट बसवताना

हिडकल धरणाच्या पाण्यावर नेण्यासाठी छोटी प्लायची होडी करणार असाल, तर आतली आडवी चौकट थेट लाकडावर आखू नका. आधी जाड पुठ्ठा घ्या. होडीचं अंग कुठंच सरळ नसतं, त्यामुळं इथं गुण्या फारसा कामाचा नाही. पुठ्ठा अंदाजे कापून जागेवर उभा धरा, पेन्सिलीला लाकडाचा छोटा तुकडा बांधा आणि तो अंगाला टेकवत फिरवा. फट जिथं कमी, तिथं रेघ आपोआप आत सरकते. त्या रेघेवर कापलेला पुठ्ठा नीट बसला की मगच करवत उचला.

चौकटीची कड मात्र तिरपी रंधायला हवी, कारण होडी टोकाकडं निमुळती होते. लाकूड रेघेपेक्षा थोडं मोठंच कापा. कमी करता येतं, वाढवता येत नाही! अगदी घट्ट ठोकून बसवण्याचा हट्टही नको. प्लायला बाहेरून फुगवटा येतो. बारीक फट इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) लाकडाचं पीठ कालवून, कोपऱ्यात गोलाई देत भरा.

दांडेलीचं सागवान मिळालं म्हणून खूश होण्याआधी एक लक्षात ठेवा: साग तेलकट. चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसा. प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्या.

चौकटीच्या तळाशी पाणी वाहायला खाच ठेवा, तिच्या कडांनाही इपॉक्सी लावा. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात हे जोडकाम हाती घेऊच नका.