स्ट्रोबचा प्रकाश मोजताना कोणता आकडा काय सांगतो

स्ट्रोबच्या, म्हणजे छायाचित्रणातल्या फ्लॅश-दिव्याच्या, माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा वॅट-सेकंदांचा असतो आणि त्यालाच प्रकाशाचे माप समजले जाते. प्रत्यक्षात तो कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या घटकात) साठवलेल्या विद्युत ऊर्जेचा आकडा आहे. एक वॅट-सेकंद म्हणजे एक ज्यूल. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३६० व्होल्टपर्यंत भारला, तर त्यात सुमारे ६५ ज्यूल ऊर्जा साठते. या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो, आणि जो प्रकाश निर्माण होतो त्यातला किती विषयापर्यंत, म्हणजे ज्याचे छायाचित्र घ्यायचे त्याच्यापर्यंत, पोहोचेल हे ट्यूबची रचना, तिच्यावरील काच आणि रिफ्लेक्टर यांवर ठरते. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या ४०० वॅट-सेकंदांच्या स्ट्रोबमधून सारखाच प्रकाश मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. एकाच मालिकेतल्या स्ट्रोबची तुलना करताना मात्र हा आकडा उपयोगी पडतो. ऊर्जा दुप्पट झाली की साधारण एक स्टॉप प्रकाश वाढतो (एक स्टॉप वाढणे म्हणजे प्रकाश दुप्पट होणे). म्हणजे ४०० ऐवजी ६०० वॅट-सेकंदांचा स्ट्रोब घेतल्यास पदरात पडतो तो अर्ध्या स्टॉपपेक्षा किंचित अधिक प्रकाश.

गाइड नंबर विषयावर पडणाऱ्या प्रकाशाशी संबंधित असल्यामुळे अधिक अर्थपूर्ण आहे. फ्लॅशपासून विषयाचे अंतर आणि योग्य एक्स्पोजर देणारे ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा) यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. आयएसओ (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचे माप) १०० ला तो ४० मीटर असेल, तर पाच मीटरवरच्या विषयासाठी एफ/८ लागेल. आयएसओ ४०० केल्यावर तोच गाइड नंबर ८० होतो. हा आकडा वाचताना तो मीटरमध्ये आहे की फुटांत, कोणत्या आयएसओसाठी आहे आणि झूम-हेड (झोत रुंद-अरुंद करणारा फ्लॅशचा पुढचा भाग) कोणत्या फोकल लेंग्थवर ठेवून मोजला आहे, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. २०० मिलिमीटरवर प्रकाशाचा झोत अरुंद होतो आणि गाइड नंबर फुगतो, म्हणून जाहिरातींत नेमका तोच छापण्याकडे कल असतो.

खात्रीची तुलना हवी असेल तर फ्लॅशमीटरने स्वतः मोजणे उत्तम. भिंतींवरून प्रकाश फारसा परतणार नाही अशी मोठी जागा निवडावी, मॉडेलिंग लॅम्प (स्ट्रोबमधला सतत जळणारा दिवा) बंद करावा आणि मीटर आयएसओ १००, शटर १/१२५ सेकंद असे लावून, त्याचा पांढरा घुमट स्ट्रोबकडे वळवून, बरोबर दोन मीटरवर धरावा. पूर्ण शक्तीवर काही फ्लॅश मारून सरासरी घ्यावी, मात्र दर वेळी कपॅसिटर पूर्ण भरू द्यावा. घाईत मारलेला फ्लॅश हमखास कमी भरतो. मीटरने एफ/११ दाखवले तर गाइड नंबर २२ आला. मग शक्ती १/२ आणि १/४ केल्यावर अनुक्रमे एफ/८ आणि एफ/५.६ येते का, हेही तपासावे. दुसरा स्ट्रोब मोजताना रिफ्लेक्टर शक्यतो तोच वापरावा. ते जमत नसेल तर केंद्राबरोबर कडेचेही वाचन घ्यावे, कारण खोल रिफ्लेक्टर मध्यभागी प्रकाश एकवटून कमी शक्तीचा स्ट्रोबही दमदार असल्याचा भास निर्माण करतो.

सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लावल्यावर हे गणित तसेच्या तसे लागू पडत नाही. कापडाचे थर प्रकाश शोषतात व पसरवतात. शिवाय जवळच्या अंतरावर मोठा पृष्ठभाग बिंदूसारखा वागत नसल्याने अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश चौथाई होण्याचा नियमही तिथे काटेकोर राहत नाही. म्हणून सॉफ्टबॉक्ससह वाचन घ्यायचे ते प्रत्यक्ष विषयाच्या जागी.

फ्लॅश किती काळ टिकतो, हे ॲपर्चरच्या आकड्यातून कळत नाही. माहितीपत्रकातला टी ०.५ म्हणजे तीव्रता शिखराच्या निम्म्याहून अधिक राहण्याचा काळ, तर टी ०.१ म्हणजे ती दहा टक्क्यांहून अधिक राहण्याचा. पारंपरिक स्ट्रोबमध्ये दुसरा काळ पहिल्याच्या सुमारे तिप्पट असतो, म्हणून उडते पाणी किंवा नर्तक टिपायचा असेल तर टी ०.१ पाहूनच स्ट्रोब निवडावा.