सीताफळाच्या फुलाला हाताने पराग देताना

झाड फुलांनी लगडतं, पण फळं मोजकीच धरतात. सीताफळाचं हे नेहमीचं दुखणं आणि त्याचं मूळ फुलाच्या वेळापत्रकात आहे. एकाच फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतात, पराग मागाहून सुटतो. तोवर कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं पराग धरणारं टोक, सुकलेली असते. सोनचाफ्याच्या गणातला हा फार जुना वंश, आणि त्याचे परागवाहक मधमाश्या नव्हेत, तर दोन-तीन मिलिमीटरचे भुंगेरे. पिकून उतरलेल्या फळासारख्या वासावर ते येतात. ते कमी पडले की ब्रश हाती घ्यावा लागतो.

आधी अवस्था ओळखा. मादी अवस्थेत तिन्ही जाड पाकळ्यांची टोकं जेमतेम फाकलेली, आतला मधला उंचवटा, म्हणजे स्त्रीकेसरांचा झुबका, ओलसर आणि चकचकीत. नर अवस्थेत पाकळ्या पुरत्या उघडलेल्या, पुंकेसर एकमेकांपासून सुटलेले, टिचकीसरशी गळणारे. भुंगेऱ्यांना ओढणारा तो वास जाणवत नसेल तर फूल काचेच्या छोट्या बरणीत झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग हुंगा.

नर अवस्थेतली फुलं कागदावर झटका. पुंकेसर अजून घट्ट असतील तर ती सावलीत पसरून ठेवा. हवाबंद डबीत दमटपणा धरून परागाच्या गुठळ्या होतात. पराग त्याच दिवशी वापरा, उष्णतेने तो लवकर निकामी होतो. त्याच झाडाचा असला तरी चालतो.

सकाळी, हवेत ओलावा असताना, दोन बोटांनी पाकळ्या हलकेच फाकवा आणि मऊ, बारीक ब्रश उंचवट्याभोवती तीन-चार वेळा गोल फिरवा. इथे घाई नको. फळाचा प्रत्येक डोळा एकेका स्त्रीकेसरापासून बनतो. ज्या बाजूला पराग पोचला नाही ती बाजू खुजी राहते आणि फळ वाकडं होतं. जाड फांद्यांवरची फुलं निवडा, त्यांना फळाचा भार पेलतो. कोरडा वारा सुटला असेल तर कुक्षी लवकर सुकते, अशा दिवशी झाडाभोवतीची जमीन ओली ठेवा.

काही दिवसांत पाकळ्या गळतीलच, त्याने घाबरू नका. उंचवटा हिरवा राहून फुगू लागला तर फळ धरलं. तपकिरी पडला तर ते फूल गळणार.

भुंगेऱ्यांना बोलवायचं असेल तर बहरात कीटकनाशक फवारू नका आणि झाडाखाली उथळ ताटलीत अतिपिकलेली फळं ठेवा. झाडावरची फळं पिकायला लागण्याआधी मात्र ती ताटली उचला, नाहीतर फळमाशी येते.