एनएडीच्या आधारे एटीपीचा हिशेब कसा मांडावा

ग्लुकोजच्या एका रेणूपासून मिळणाऱ्या एटीपींचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंचा, आकडा पाठ करण्याऐवजी तो मांडून काढावा, आणि मांडणी करताना लक्ष ग्लुकोजवर न ठेवता एनएडीवर ठेवावे. नायासिनपासून, म्हणजे जीवनसत्त्व ब-३ पासून, तयार होणारे हे सहविकर (विकराला, म्हणजे एन्झाइमला, मदत करणारा रेणू) स्वतः इंधन नव्हे. इंधनाच्या रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन व एक प्रोटॉन स्वीकारून ते एनएडीएच होते आणि ते इलेक्ट्रॉन पुढे सोपवून पुन्हा एनएडी होते.

प्रथम कागदावर पेशीद्रव आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) असे दोन रकाने आखावेत. पहिल्यात ग्लायकोलायसिसमधील, म्हणजे ग्लुकोजचे पायरुवेट होतानाचे, 2 एनएडीएच लिहावेत. दुसऱ्यात पायरुवेटपासून ॲसेटिल-कोए होतानाचे 2 आणि ते ॲसेटिल-कोए जाळणाऱ्या क्रेब्ज चक्राच्या दोन फेऱ्यांतील 6, असे 8 एनएडीएच लिहून शेजारी 2 एफएडीएच-2 (जीवनसत्त्व ब-२ पासून बनणाऱ्या, तसेच इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या सहविकराचे रूप) नोंदवावेत. थेट तयार होणारे 4 एटीपी वेगळे ठेवावेत.

आता दर, म्हणजे एका एनएडीएचमागे किंवा एफएडीएच-2 मागे किती एटीपी, तो लावायचा. एका एनएडीएचचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचेतो तंतुकणिकेच्या आतील पटलातून सुमारे 10 प्रोटॉन बाहेर टाकले जातात, तर एक एटीपी तयार करून पेशीद्रवात पोहोचवण्यास सुमारे 4 प्रोटॉन खर्ची पडतात; म्हणून दर 2.5. एफएडीएच-2 साठी 6 भागिले 4, म्हणजे 1.5. जुन्या पुस्तकांत 3 आणि 2 हे दर आढळतात आणि उत्तर 38 किंवा 36 येते; दोन्ही पद्धतींची सरमिसळ मात्र करू नये.

बहुतेकांचा हिशेब चुकतो तो पेशीद्रवातील 2 एनएडीएचपाशी. त्यांना आतील पटल ओलांडता येत नाही, केवळ त्यांचे इलेक्ट्रॉन आत नेले जातात. मॅलेट-ॲस्पार्टेट मार्गाने ते गेले तर दर 2.5 राहून एकूण 32 एटीपी होतात. ग्लिसरॉल-फॉस्फेट मार्गाने गेले तर दर 1.5 होऊन 30. त्यामुळे मार्ग न सांगता एकच आकडा मागणारा प्रश्न मुळातच अपुरा असतो.

ऑक्सिजन अपुरा असताना हिशेब निराळा मांडावा. स्नायूत तेव्हा पायरुवेटचे लॅक्टेट होते. या पायरीत एटीपी मुळीच मिळत नाही, म्हणून ती निरर्थक वाटते. परंतु तिच्यामुळे एनएडी मोकळे झाले नाही, तर ग्लायकोलायसिस एनएडी लागणाऱ्या ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेटच्या पायरीपाशीच अडेल आणि पदरात पडणारे 2 एटीपीही हातचे जातील.