किरकोळ अपघातानंतर मिळालेल्या चलानाला आव्हान कसे द्यावे

किरकोळ अपघातात चलान लिहिणारा पोलीस बहुधा धडक होऊन गेल्यावर तेथे पोहोचलेला असतो. गाड्या कशा उभ्या आहेत, कोणता भाग चेपला आहे आणि दोन्ही चालक काय सांगतात, यावरून तो दोष ठरवतो. हा निष्कर्ष चुकीचाच असतो असे नाही, परंतु तो अनुमानावर आधारलेला असतो, आणि आव्हानाची मांडणी याच मुद्द्याभोवती करावी.

कटकट मिटावी म्हणून दंड लगेच भरून टाकू नये, कारण अनेक देशांत दंड भरणे म्हणजे दोष मान्य करणे असेच धरले जाते. चलानावर हरकतीची मुदत दिलेली असते; तिच्या आत लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी.

त्यानंतर चलानावरील कलम मूळ कायद्यात शब्दशः वाचावे. अपघात झाला, एवढ्यानेच नियम मोडल्याचे सिद्ध होत नाही. कलमातील प्रत्येक अट पूर्ण झाली होती का, हे पाहावे लागते. समजा, पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर न राखल्याचा आरोप आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. त्यामुळे शेजारच्या लेनमधील गाडी अवघ्या दहा मीटरांवर अचानक समोर घुसली असेल, तर अंतर राखण्याची संधीच मिळाली नव्हती, असे म्हणता येते. मात्र ती खरोखर घुसली होती हे दाखवावे लागेल; बंपरच्या मध्याऐवजी एका कोपऱ्यावर पडलेला मार अशा वेळी उपयोगी ठरतो. म्हणूनच गाडी दुरुस्तीला देण्यापूर्वी तिचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

पुरावा जमवण्यात दिरंगाई परवडत नाही. डॅशकॅमचे जुने चित्रण नव्याखाली पुसले जाते, म्हणून त्याची प्रत त्याच दिवशी काढावी. आसपासच्या सीसीटीव्हीचेही तसेच असते. चित्रण जपून ठेवण्याची विनंती लेखी करावी. झाडाच्या फांदीआड गेलेला फलक किंवा पुसट झालेले पट्टे यांचे फोटो चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, अपघाताच्याच वेळेला घ्यावेत. गाडीतील नातेवाइकापेक्षा अनोळखी साक्षीदाराच्या शब्दाला साहजिकच अधिक वजन असते.

विमा कंपनीला अपघात वेळेत आणि खरा कळवावा, परंतु तेथे एक आणि सुनावणीत दुसरे सांगू नये. समोरच्या चालकाला सौजन्याने पाठवलेला ‘माझीच चूक झाली’ असा संदेशही पुढे पुरावा म्हणून समोर येऊ शकतो.

सुनावणीत घटनाक्रम थोडक्यात सांगावा. पोलिसाला प्रश्न विचारण्याची मुभा असेल, तर ते मोजके ठेवावेत: आपण धडक प्रत्यक्ष पाहिली का, किती वेळाने पोहोचलात, अंतरे मोजली का? त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतल्याने काही साधत नाही. उलट, निर्णय देणाऱ्याचे मन आपल्याविरुद्ध जाण्याचा धोका असतो.

कोणाला इजा झाली असेल किंवा परवाना जाण्याची शक्यता असेल, तर वकिलाशिवाय उभे राहू नये. चलान रद्द झाले, तरी नुकसानभरपाईचा प्रश्न सहसा स्वतंत्रपणे ठरतो, त्यामुळे जमवलेली कागदपत्रे तो दावा निकाली निघेपर्यंत जपून ठेवावीत.