कॉलेजात अकापेला ग्रुप काढायचाय? मग आधी झीलकरी शोधा

दरवर्षी ॲडमिशन झाल्या की कोणी ना कोणी ज्युनिअर मेसेज टाकतो, दादा आम्हाला पण अकापेला ग्रुप काढायचाय, काय काय लागतं. लागत काहीच नाही, मजाच ती आहे. पेटी नको, ढोलकी नको, गिटारवाला तर नकोच (तो आला की आठ दिवसात ग्रुप त्याच्या नावानं ओळखला जातो). शब्द इटालियन आहे, अर्थ चॅपेलच्या पद्धतीनं, म्हणजे नुसत्या गळ्यानं. अमेरिकेत येल विद्यापीठातला व्हिफनपूफ्स हा ग्रुप 1909 पासून असं गातोय, आणि 1996 ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पेन मसाला निघाला, त्यांनी हिंदी गाणी याच पद्धतीनं बसवली. त्यांचे व्हिडीओ बघून डोकं फिरतं हे मला मान्य आहे, पण पहिल्या वर्षी त्यांची कॉपी मारायला जाऊ नका, तोंडावर पडाल. आम्ही पडलोत.

आमची चूक काय झाली तर आम्ही चांगले गाणारे गोळा केले. सहाच्या सहा सोलोवाले. प्रत्येकाला मुखडा पाहिजे, मागं कोणाला थांबायचं नाही, आणि थांबला तरी तिथून मुरक्या मारायचा. महिनाभर नुसता गोंगाट. मग डोक्यात आलं की हे काम आपल्याकडं जुनंच आहे की, गोंधळात नायक पुढं म्हणतो आणि मागचे झील धरतात, म्हणजे मागून सूर लावून साथ देतात, झील तुटली की नायक कितीही भारी असू दे, गोंधळ बसतो. अकापेलात ऐंशी टक्के काम झीलकऱ्यांचं आहे (आकडा माझ्या अंदाजाचा).

म्हणून ऑडिशनला गाणं म्हणायला लावूच नका. मोबाइलवर तानपुरा लावायचा, पोराला म्हणायचं सा धर, वीस सेकंद सोडू नको. दहा सेकंद झाले की आपण त्याच्या कानाजवळ उभं राहून मुद्दाम ग लावायचा. जो हळूहळू घसरत आपल्या ग वर येतो त्याला सांगा सराव करून पुढच्या महिन्यात ये, आणि जो डोळे मिटून सा वरच बसतो त्याला घ्या, आवाज भसाडा असला तरी घ्या. आमचा बेसवाला (सगळ्यात खालचा सूर धरणारा) असाच सापडला, औशाकडचा पोरगा, मित्रासोबत नुसता बसायला आला होता, म्हणे मला गाणं येत नाही. चुलत्यासोबत गोंधळात झील धरायचा हे त्यानं सांगितलंच नाही, त्याला ते गाणं वाटतच नव्हतं.

माणसं किती? युवक महोत्सवाच्या समूहगानात जास्तीत जास्त सहा गायक चालतात, म्हणून सहाचा ग्रुप सोयीचा पडतो. एक लीड, तीन झील, एक बेस, एक बीटबॉक्स (तोंडानं ताल देणारा). आजारी पडणं, पाहुण्याचं लग्न, एसटी चुकणं हे धरून दोन जास्तीचे तयार ठेवा. आणि हो, एखादे परीक्षक विचारतील वाद्य कुठंय, आम्हाला विचारलं होतं, चिडायचं नाही, स्टेजवर जायच्या आधीच निवेदकाला सांगून ठेवायचं की हे बिनवाद्याचं आहे.

आता सुराचं. मुलामुलींचा ग्रुप असला की पहिलं भांडण पट्टीवरून होतं. साधारण पोरं काळी एकवर (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात आणि मुली काळी चारवर. यात घाबरायचं काही नाही, काळी एकचा पंचम, म्हणजे प, म्हणजेच काळी चार. लीड मुलगी असेल तर काळी चार धरा, पोरांनी खालच्या सप्तकात झील करायची, बेसवाल्याला तिथला सा बरा बसतो. लीड पोरगा असेल तर काळी एक, आणि मुलींनी पंचमापासून वर राहायचं. मधली कुठलीतरी पट्टी काढून दोघांनाही खूश करायला गेलात तर दोघंही ओरडतात.

मागचे सूर बसवायला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नसेल तरी चालतं. पहिल्या कडव्याला नुसता सा आणि प धरून ठेवा, तानपुऱ्यासारखा. ध्रुवपदाला सा-ग-प ही तिकडी, तिघा झीलवाल्यांनी एकेक सूर. पुढं म-ध-सां आणि प-नि-रें अशा अजून दोन तिकड्या, एवढ्यावर बरीच गाणी निघतात. चाल ज्या सुरावर थांबते तो सूर ज्या तिकडीत असेल ती तिकडी लावायची, दोन बसत असतील तर कानाला बरी लागेल ती. गाण्यात ग कोमल असेल तर तिकडीतला ग पण कोमल, नाहीतर दातात कळ येते. झीलवाल्यांना मींड, मुरकी, हरकत असली सुरांची सजावट बंद, सरळ सूर, आणि सगळ्यांचं तोंड सारखं उघडलं पाहिजे, एक जण आ म्हणतोय आणि दुसरा ऑ, तर सूर बरोबर असून बेसूर वाटतं. मागं शक्यतो ऊ वापरा, लीडचे शब्द दबत नाहीत. श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, चोरून, पाळीपाळीनं.

बीटबॉक्सला पोरं यूट्यूब बघून अवघड अवघड करायला जातात. ओठ फोडून नुसता ब, दात मिटून त्स, आणि घशातून क. ब-त्स-क-त्स एवढं तीन मिनिट न पळता जमलं की झालं. पळतात लेकाचे, म्हणून मेट्रोनोम ॲप (एका लयीत टिकटिक देणारं) लावा. लोकगीत असेल तर संबळासारखं करा, एक जाड आवाज एक बारीक, बाकी काही नको.

तालमीला पाऊण तास पुष्कळ, पण रोज. खेड्यावरून येणाऱ्यांची पाचची गाडी असते, ती चुकली की दुसऱ्या दिवशी पोरगं येतच नाही. प्रत्येकाचा पार्ट वेगळा गाऊन व्हॉट्सॲपवर टाका, गाडीत ऐकत जातील. जिन्याखाली तालीम करू नका, तिथं घुमतं म्हणून सगळं गोड लागतं, मोकळ्या मैदानात करा म्हणजे खरं कळतं. शेवटी रेकॉर्डिंग तानपुऱ्यासोबत वाजवून बघा, नव्या ग्रुपची पट्टी गाणं संपेस्तोवर अर्धा सूर खाली उतरलेली असते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं फोन खराब झालाय.

स्टेजवरचा खरा दुश्मन साऊंडवाला. त्याला आधी चहा पाजा आणि हात जोडून सांगा, भाऊ इको बंद. बेसला आणि बीटबॉक्सला वेगवेगळा माईक, ओठाला लावून, बाकीचे दोघात एक घेऊ शकतात. मॉनिटर स्पीकर (स्टेजवर आपल्याला आपलाच आवाज ऐकवणारा) नसेल तर अर्धगोल करून उभं राहा, एकमेकांचं ऐकू यायला पाहिजे. सुरुवातीचा सूर एकानंच द्यायचा, फोनवरून कानात घेऊन हळूच गुणगुणायचा, सहा जणांनी सहा सूर गुणगुणले तर काय होतं ते मी बघितलंय.

एक राहिलंच, बेसवाला थर्ड इयरला असेल तर जानेवारीतच फर्स्ट इयरचा एखादा त्याच्या शेजारी उभा करा. आम्ही केला नाही, पुढचं सगळं वर्ष बेस शोधण्यात गेलं.