पिल्लं आणण्याच्या आदल्या दिवशी दाई तयार ठेवा

कोंबडीची पिल्लं आधी आणायची आणि मग बल्बसाठी धावपळ करायची, हा उलटा कारभार करू नका. कृत्रिम दाई, म्हणजे कोंबडीच्या पंखांची ऊब देणारी जागा, पूर्ण 24 तास आधी चालू झाली पाहिजे. नुसती हवा तापून भागत नाही, खालची तुसाची गादीही तापावी लागते.

पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं हातभर उंचीचं गोल कडं करा. कोपरे नकोतच. आत 5 ते 7 सेंटिमीटर भाताचं तूस पसरा. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद अंथरायचा सल्ला अजूनही दिला जातो, तो ऐकू नका. त्यावर पाय घसरतात आणि पिल्लाचे पाय फाकतात ते तसेच राहतात.

आता ऊब. नवखी माणसं पिल्लं गमावतात ती बहुतेक इथेच. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करायचं, हे सगळे सांगतात. मोजायचं कुठे, ते कुणी सांगत नाही. माझ्या पहिल्या खेपेला थर्मामीटर मला वाचायला सोयीचा म्हणून वर टांगला होता. तो 34 दाखवत होता, म्हणून निर्धास्त झोपलो. सकाळी खोक्याच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होता आणि तळाशी चार पिल्लं चपटी होऊन पडलेली. वर ऊब होती, जमिनीलगत गारठा होता. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवरच हवा, गादीपासून दोन-तीन बोटं वर.

दुसरी चूक म्हणजे बल्ब मधोमध लावून सगळी जागा सारखी तापवणं. बल्ब एका बाजूला घ्या, दुसरी बाजू थंड राहू द्या. उकडलं की पिल्लू आपणहून सरकतं, पण त्याला सरकायला जागा तर हवी! बल्ब साखळीने टांगा, वायरवर लोंबकळत ठेवू नका, आणि भोवती जाळी लावा. तो तुसात पडला तर आग लागते. एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बरे. रात्री एक गेला तरी दुसरा असतो.

एवढं केल्यावरही शेवटचा शब्द पिल्लांचा. दिव्याखाली दाटी करून कर्कश चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला चिकटली असतील तर दुसरीकडून वारा शिरतोय, आधी ती फट बुजवा. शंका आली की एक पिल्लू उचलून त्याचे तळपाय स्वतःच्या गालाला लावून बघा. गार लागले तर थर्मामीटर काहीही म्हणो, बल्ब खाली घ्या. पहिल्या रात्री पहाटे तीनचा गजर लावाच, खरा गारठा तेव्हाच असतो.

पिल्लं आली की आधी पाणी, खाद्य नंतर. पाणी कोमट, भांडं उथळ आणि त्यात स्वच्छ गोटे, नाहीतर पिल्लं बुडतात. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा, एवढी शिकवणी पुरते. अंड्यातला बलक पोटात असतो, म्हणून खाद्याला थोडा उशीर झाला तरी घाबरू नका. खाद्य पिल्लांचं स्टार्टरच द्या. मोठ्या कोंबड्यांच्या खाद्यात प्रथिनं कमी आणि कॅल्शियम जास्त असतं, ते पिल्लांना बाधतं.

लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून आधीच लिहून घ्या.

पहिला आठवडाभर रोज प्रत्येक पिल्लाची शेपटीखालची जागा पाहा. तिथे विष्ठा वाळून बसली की शी अडते आणि पिल्लू दगावतं. खरवडून काढू नका, कातडी सोलून येते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा, मऊ पडल्यावर अलगद पुसा, आणि अंग पूर्ण कोरडं झाल्यावरच पिल्लाला बाकीच्यांत सोडा.