हौसेच्या रानात कोंबड्या, म्हैस आणि कलमं: या चुका टाळा

पन्हाळ्याच्या पायथ्याला, भुदरगडात, कागलच्या बाजूला दहा-वीस गुंठ्यांचं रान घेऊन शनिवार-रविवार तिथं रमणारी कोल्हापूरकर मंडळी आता बरीच दिसतात. ही हौस जपायलाच हवी. पण अशा रानात होणाऱ्या बहुतेक नुकसानाचं मूळ एकच असतं. पिल्लं, शेळी, म्हैस आधी येते. पाणी, निवारा आणि राखणीचं माणूस यांचा विचार मागाहून होतो. आधी सोय, मग जीव, हा क्रम मोडू नका. रान नदीकाठचं असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजारच्या वस्तीवर विचारल्याशिवाय गोठ्याचा पायासुद्धा खणू नका.

पिल्लं मरतात ती बहुधा रात्री

गिरिराज या सुधारित जातीची किंवा गावरान कोंबडीची पिल्लं ही हौसेची पहिली खरेदी. ती ऐन जुलैत आणणं ही पहिली चूक. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. पावसात रात्री वीज गेली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी दार उघडल्यावर ‘रोग आला’ म्हणून औषधाला धावाधाव होते, पण कारण थंडी आणि कोपरा हेच असतं. म्हणून पत्र्याचं गोल रिंगण करा, कोपरा राहताच कामा नये. वीज गेल्यावर ऊब कशाची देणार, तेही आधीच ठरवून ठेवा.

थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडे बघून कळतं. बल्बखाली दाटीवाटी केली तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळीकडे पांगून दाणे टिपत असतील तर ठीक आहे. हे राखणीला असलेल्या मामांना दाखवून ठेवा: “मामा, पिल्लं कडेला गेली तर बल्ब वर घ्या, गोळा झाली तर खाली.” आठवडाभर रानात तेच असतात, आपण नाही.

खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर हवा. मूठभर तूस दाबून बघा. गोळा झाला तर ओल जास्त आहे. खाली बसून, पिल्लांच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तिथं अमोनिया साठलाय. तेवढं ओलं तूस काढून कोरडं घाला, आणि पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणा, कारण ओल बहुतेक वेळा तिथूनच येते. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि पश्चिमेची भिंत बंद करा. आपल्याकडचा झोडपणारा पाऊस त्याच अंगानं येतो.

मानमोडी, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्यायची. ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. बाटलीत निदान शंभर पक्ष्यांची लस असते, म्हणून ‘आपली तर वीसच पिल्लं’ म्हणत लस टाळली जाते. शेजारच्या दोन-तीन वस्त्यांनी मिळून एकच बाटली आणावी, हे सगळ्यात सोपं.

फुकटचं वाडं

ऊसतोड सुरू झाली की वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक, आणि म्हशीपुढं तेवढंच टाकलं जातं. उसाच्या वाड्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते कॅल्शियम अंगी न लागता शेणावाटे निघून जातं. काही आठवड्यांत दूध घटतं, जनावर रोडावतं. वाडं बंद करायची गरज नाही. कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, जोडीला कडबा आणि लसूणघास द्या, आणि खनिज मिश्रण रोज द्या. निवळी म्हणजे चुना विरघळून खाली बसल्यावर राहणारं वरचं स्वच्छ पाणी.

व्यायल्यावर एक-दोन दिवसांत म्हैस मान कुशीकडं वळवून बसली आणि उठेना, तर तो दुग्धज्वर, म्हणजे अंगातलं कॅल्शियम एकदम घटल्यानं होणारा आजार, असू शकतो. अशा वेळी घरगुती काढा पाजायची घाई करू नका. तिला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुप्फुसात जातं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं की बरीच जनावरं तासा-दोन तासांत उठतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल फ्री नंबर गोठ्याच्या खांबावर ठळक लिहून ठेवा.

कच्चं शेणखत

ताजं शेण खड्ड्यातून थेट भाजीच्या वाफ्यात, ही आपल्या भागातली महागात पडणारी सवय. कच्च्या शेणखतात हुमणी या मुळं खाणाऱ्या किडीची अंडी-अळ्या येतात, आणि मग मुळं कुरतडली जाऊन वांगी, मिरची, भुईमूग माना टाकतात. रोप उपटून बघा. मुळं खाल्लेली आणि जवळ इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी दिसली की ती हुमणीच. शेणखत चांगलं कुजून काळं, भुसभुशीत, वास नसलेलं झाल्यावरच वापरा. वळवाचे पहिले एक-दोन पाऊस झाले की संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात. तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. ही चार-आठ संध्याकाळची मेहनत आख्ख्या गावानं केली तर पुढची अंडीच टळतात. एकट्यानं करून भागत नाही, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत.

आंब्याची कलमं

कलमाचा जोड मातीत गाडू नका, तो जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटलेले धुमारे खुडत राहा, ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाचे असतात, हापूसचे नव्हेत. काळ्या रानात खड्डा सभोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा उंच भरा. पाऊस उघडल्यावर बुंध्याशी पाणी साचलेलं दिसलं तर त्याच दिवशी चर मारून वाट काढून द्या.